मृगाआधी गाडीत फ्रिज बसवताना

घटसर्प आणि फऱ्याच्या लसी पाऊस लागायच्या आत मेळघाटातल्या ढोरांना टोचून झाल्या पाहिजेत. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल, धारणी असा घाटरस्ता, वर मे महिन्याचं ऊन, आणि लस मात्र 2 ते 8 अंशांतच राहायला हवी. म्हणून बोलेरोत मागे 12 व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज. तो दुकानातून आणणं सोपं. तयारी वायरीपासून सुरू करा.

पहिल्या वर्षी मी तो सिगारेट लायटरच्या सॉकेटलाच लावला होता. हरिसालजवळ एका गोठ्यापाशी इंजिन बंद करून आम्ही कामाला लागलो. तासाभराने झाकण उघडलं तर फ्रिज बंद, आत 13 अंश. बॅटरीवर मीटर लावला तर 12.4 व्होल्ट, फ्रिजच्या प्लगवर कसेबसे 11.3. बॅटरी धडधाकट होती, पण फ्रिजला वाटलं ती संपत आली आणि तो थांबला. मधला व्होल्ट त्या बारीक वायरीने आणि ढिल्या सॉकेटने खाल्ला होता. उरलेल्या बाटल्या टाकून द्याव्या लागल्या. ज्यांची ढोरं सकाळपासून बांधून ठेवली होती त्यांना ‘परवा येतो’ म्हणताना फार वाईट वाटलं.

तेव्हा लायटरला हात लावू नका. थेट बॅटरीवरून मागपर्यंत 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढा. बोनेटपासून डिकीपर्यंत 5 मीटर धरले तर जाऊन-येऊन 10 मीटर होतात. 5 अँपिअरला एवढ्या लांबीत या वायरीत जेमतेम 0.15 व्होल्ट जातो, 1 चौरस मिलिमीटरच्या वायरीत जवळजवळ 0.9. वायर घेताना टोक ब्लेडने खरवडून बघा. वरून तांबडी आणि आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची, दुकानदाराला परत द्या. मायनसचीही वेगळी वायर ओढा. जुन्या गाडीच्या गंजक्या बॉडीवर अर्थिंगचा भरवसा मी धरत नाही.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचं मायनस काढा आणि सगळ्यात शेवटी जोडा. प्लसपासून एक वीत अंतराच्या आत 15 अँपिअरचा फ्यूज हवाच. तो फ्रिजपाशी लावला तर मधल्या सगळ्या वायरीला फ्यूजचं संरक्षण राहत नाही. कुठे घासून बॉडीला टेकली तर आग लागेल. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून वायर नेताना भोकात रबरी ग्रोमेट बसवा, पुढे वायर नळीत घाला, सायलेन्सरपासून दूर ठेवा. वायरीच्या टोकाला बसणारं धातूचं टोपण, म्हणजे लग, पकडीने चेपू नका, क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबा आणि जोराने ओढून बघा. उभ्या गाडीत उंदीर शिरतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी नळी हाताने चाचपा.

रात्रीचा मुक्काम असेल तर हिशेब करा. चालू असताना फ्रिज 4-5 अँपिअर घेतो. उन्हाळ्यात कॉम्प्रेसर फारसा थांबत नाही, सरासरी 3 धरली तरी दहा तासांत 30 अँपिअर-तास जातात. सकाळी स्टार्टर मारायचा तर एकुलत्या बॅटरीवर एवढा भार नको. दुसरी बॅटरी बसवा आणि दोन्हींच्या मध्ये इंजिन चालू असतानाच जोडणारा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, टाका. ज्या नव्या गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त होतो, तिथे रिलेऐवजी डीसी-डीसी चार्जर, म्हणजे दुसऱ्या बॅटरीला योग्य व्होल्टेज देऊन चार्ज करणारं उपकरण, लागतो.

फ्रिज पट्ट्यांनी घट्ट बांधा, त्याच्या हवेच्या जाळीभोवती चार बोटं मोकळी सोडा. आदल्या रात्री घरच्या विजेवर लावून 4 अंशांवर आणा, मगच लस भरा. बाटल्या आतल्या भिंतीला टेकू देऊ नका, गोठलेली लस वाया जाते. फ्रिजवरच्या आकड्यावर विसंबू नका, बाटल्यांमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवा. आइसपॅक घातलेला लसीचा डबा सोबत असू द्या.

शेवटी अंगणात, भर दुपारी, इंजिन बंद ठेवून दोन तास चालवा आणि कॉम्प्रेसर चालू असतानाच दोन्ही टोकांना मीटर लावा. फरक 0.3 व्होल्टच्या वर गेला तर एकेक जोड बोटाने चाचपा. जो कोमट लागेल तो उघडून पुन्हा दाबा.