जोडीदाराच्या बदलीमागून मुंबईत आलेल्यांसाठी

कंपनी एखाद्याला परदेशातून मुंबईत पाठवते तेव्हा त्याच्यासाठी ऑफिस असतं, टीम असते, पहिल्या आठवड्यातच चहाला हाक मारणारे चार जण असतात. त्याच्यामागून आलेल्या बायकोच्या (किंवा नवऱ्याच्या) वाट्याला टॉवरमधलं घर येतं आणि सकाळी साडेआठनंतर त्या घरातली शांतता. मी मूळची नागपूरची. लग्नानंतर सिंगापूरला राहिले आणि नवऱ्याची बदली झाली म्हणून पवईत आले, ती इथेच राहिले. तुम्हीही मराठी असाल तर एक वाक्य फार ऐकाल: ‘तुला काय, तू तर आपल्याच माणसांत आलीस!’ मुंबईत मराठी बोलता येणं आणि मुंबईत आपलं कुणी असणं यात पुष्कळ अंतर आहे. एकटेपणा जाणवला तर तो लपवू नका आणि मदत मागायला लाजू नका.

आधी कागद. घराच्या लीव्ह अँड लायसन्स करारात दोघांचीही नावं घाला. कंपनीचा एजंट फक्त नोकरी करणाऱ्याचं नाव टाकून मोकळा होतो. वीजबिल घरमालकाच्या नावावर येतं, गॅसचंही तसंच, म्हणजे पत्त्याचा पुरावा म्हणून तुमच्या हाती तो करारच उरतो. बँक खातं असो की लायब्ररीचं सभासदत्व, प्रत्येक ठिकाणी ‘मिस्टरांना घेऊन या’ ऐकायचं नसेल तर करारनोंदणीच्या आधीच हे सांगा. परदेशी पासपोर्ट असेल आणि 180 दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आला असाल, तर आल्यापासून 14 दिवसांत एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे) ऑनलाइन नोंदणी करायची असते. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असणाऱ्यांना ती लागत नाही.

आता माणसं. तुमच्यासारखीच बदलीमागून आलेली मंडळी सर्वांत आधी भेटतील: मुलांच्या इंटरनॅशनल शाळेच्या फाटकाशी, नवऱ्याच्या ऑफिसच्या पार्टीत. त्यांच्याशी जरूर मैत्री करा. डॉक्टर कुठला, सुतार कुठला, हे ती मंडळी न विचारता सांगतात. पण ती दोन-तीन वर्षांत निघून जातात. जून आला की निरोपसमारंभ सुरू होतात आणि ऑगस्टमध्ये पुन्हा नव्याने ओळखी कराव्या लागतात. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की पहिल्या वर्षातच, जे इथून कुठेही जाणार नाहीत अशा लोकांत जागा करा. म्हणजे शेजारचे, सोसायटीतले, तुमच्याच गल्लीतले.

यासाठी मुंबईत गणपतीसारखा मुहूर्त नाही. शाळांच्या वेळापत्रकामुळे बदलीवाली बहुतेक कुटुंबं जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसात येतात आणि सामान लागतं न लागतं तोच सोसायटीचा गणपती बसतो. त्याच्या दोन-तीन आठवडे आधी क्लबहाउसमध्ये मीटिंग असते. वॉचमनला विचारलंत तर वार आणि वेळ कळेल. भाडेकरू म्हणून बोलावणं आलं नाही तरी जा. वर्गणी दिली की नाव यादीत येतं, पण ओळख होते ती काम अंगावर घेतल्याने. ‘मी काही मदत करू का?’ असं विचारलंत तर ‘नको नको, तुम्ही आत्ताच आलात’ हेच उत्तर येणार. त्यापेक्षा नेमकं काम मागा: ‘चित्रकला स्पर्धेची नावं मी लिहून घेते’, ‘संध्याकाळच्या आरतीनंतर प्रसाद मी वाटते’.

प्रसाद वाटणं हे काम तर मी प्रत्येक नव्या बाईला सुचवते. लिफ्टशेजारी एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर रोजच्या आरतीपुढे फ्लॅटचे नंबर लिहिलेले असतात आणि कुणा ना कुणाची आयत्या वेळी अडचण होतेच. ती मोकळी पाळी घ्या. द्रोण हातात दिला की समोरचा माणूस थांबतो, ‘कितव्या मजल्यावर?’ विचारतो, मग ‘मूळच्या कुठल्या?’ येतं. नागपूर म्हटल्यावर आमच्याकडे एक काकू थेट बुटीबोरीच्या आपल्या नणंदेपर्यंत पोचल्या. दहा दिवसांत अख्ख्या इमारतीला चेहरा माहीत होतो. पुढच्याच महिन्यात नवरात्र येतं. तेव्हा ठरलेल्या रंगाची साडी किंवा कुर्ता घालून खाली उतरलात तरी कुणीतरी फोटोत ओढून घेतं. भोंडला असेल तर खिरापत घेऊन जा. आम्हा विदर्भातल्या बायकांना भुलाबाईमुळे (आमच्याकडचा असाच गाण्यांचा खेळ) तो लगेच आपला वाटतो.

जानेवारी आला की आपली पाळी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही हळदीकुंकू करता येतं आणि त्यासाठी जुनी ओळख लागत नाही, हे त्याचं मोठेपण. आपल्या मजल्यावरची आणि वरच्या-खालच्या मजल्यांवरची दारं स्वतः वाजवा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निमंत्रणाला मोजक्याच येतात, दारात जाऊन सांगितलं तर बहुतेक सगळ्या येतात. आणि बोलावताना सवाष्ण, विधवा, घटस्फोटित, अविवाहित असा भेद करू नका. अमराठी शेजारणींना, शाळेतल्या जपानी-जर्मन मैत्रिणींनाही बोलवा. तिळगूळ सगळ्यांसाठीच असतो. माझ्याकडे येऊन ‘बऱ्याच वर्षांनी मला कुणी बोलावलं’ असं म्हणणाऱ्या आजी आज माझ्या सर्वांत जवळच्या शेजारी आहेत.

घरकामाच्या मावशींना विसरू नका. त्यांना बाराही घरांची माहिती असते: कुणाच्या घरी तान्हं बाळ आहे, कोण पेटी शिकवतं, कोण तुमच्यासारखंच नवीन आहे. त्यांच्याशी बसून चहा प्या. ‘सातशे दोनमधल्या वहिनी पण दिवसभर एकट्याच असतात’ हे मला अशाच चहावर कळलं.

सोसायटीबाहेर मात्र गाडी-ड्रायव्हरच्या सवयीतून लवकर निघा. गाडी तुम्हाला मॉलच्या दारात सोडते आणि घराच्या दारात परत आणते, मधे कुणी भेटत नाही. मी कांजूरमार्गहून लेडीज डब्याने दादरला जायला लागले आणि शहर उलगडलं. रोजच्या ठरलेल्या गाडीला, ठरलेल्या डब्यात चढणाऱ्या बायकांचे गट असतात. त्या एकमेकींची जागा धरतात, दसऱ्याला डबा सजवतात, डोहाळजेवणंसुद्धा करतात. पश्चिम रेल्वेवर तर 1992पासून चर्चगेट-बोरिवली अशी अख्खी लेडीज स्पेशल धावते. तुम्ही नोकरीला जात नसाल तरी आठवड्यातला एक वार, एक गाडी, एक ठिकाण ठरवून टाका आणि ते मोडू नका. मुंबईकर सतत घाईत असतो. पहिल्यांदा तो मान हलवतो, पाच-सहा वेळा दिसलात की बोलतो.

ठिकाणं भरपूर आहेत. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898पासून आहे. पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघात व्याख्यानं आणि मैफली असतात. निसर्गाची आवड असेल तर फोर्टमधल्या बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) सभासद व्हा. 1883 साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या पक्षिनिरीक्षणाच्या फेऱ्यांत विद्यार्थ्यापासून निवृत्त न्यायाधीशापर्यंत सगळे एकाच दुर्बिणीसाठी रांग लावतात.

बायकोच्या बदलीमागून आलेल्या नवऱ्यांसाठी हे जास्तच महत्त्वाचं आहे. हळदीकुंकू, भोंडला त्यांच्या उपयोगाचे नाहीत आणि ‘तुम्ही काय करता?’ हा प्रश्न त्यांना फार वेळा येतो. अशांना मी दोन रस्ते सांगते: गणपतीच्या मंडपाचं काम आणि सह्याद्रीतले रविवारचे ट्रेक. पहाटेच्या कर्जत किंवा कसारा लोकलने निघणाऱ्या गटात तुमचा हुद्दा कुणी विचारत नाही, पाणी पुरेसं घेतलंय का ते विचारतात.

नोकरीचं म्हणाल, तर जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्यांना इथे नोकरी करता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. ओसीआय असेल तर बहुतेक खासगी नोकऱ्या करता येतात. बिनपगारी समाजकार्य करायचं असलं तरी परदेशी पासपोर्टवाल्यांनी आधी एफआरआरओकडे विचारून घ्यावं. आणि नोकरी लागलीच, तरी वर ठरवलेला तो आठवड्यातला एक वार सोडू नका.