आईबाबा म्युनिकला येतायत? मग त्यांना असं फिरवा

माझे आईबाबा जून २०२५ मध्ये नाशिकहून तीन आठवड्यांसाठी म्युनिकला आले होते. मी तेव्हा इथे मास्टर्स करत होते, लेक्चर्स चालू होती आणि दिवसभर त्यांच्याबरोबर राहणं शक्यच नव्हतं. त्या तीन आठवड्यांत जे कळलं ते लिहितेय. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते, त्यांना काय काय दाखवायचं हे नंतर ठरवा, आधी त्यांना एकट्याने बाहेर पडून परत घरी येता यायला हवं. ज्यांनी आयुष्यभर घर चालवलं ती माणसं पोरगी कॉलेजमधून येईपर्यंत खिडकीत बसून राहिली की आतून खूप खचतात, बोलून दाखवत नाहीत पण आपल्याला दिसतं.

सुरुवात व्हिसापासून. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तर शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका. फी माणशी ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरो कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो. आपण विद्यार्थी, आपल्याला पगार नाही, त्यामुळे खर्च आईबाबाच करणार असं त्यांच्या बँक स्टेटमेंट, पेन्शनचे कागद आणि आयटीआरवरून दाखवणं सोपं जातं. आपण फक्त आमंत्रणाचं पत्र, रेसिडेन्स परमिटची कॉपी आणि युनिव्हर्सिटीचं सर्टिफिकेट द्यायचं.

तारखा ठरवताना दोन गोष्टी बघा. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ऑक्टोबरफेस्ट हा बिअरचा मोठा उत्सव असतो, तेव्हा रूमचे भाव परवडत नाहीत, ते दिवस टाळा. जून मस्त, रात्री नऊपर्यंत उजेड असतो. दुसरं म्हणजे डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, २०२६ पासून ६३ युरोचं झालंय, बस ट्राम मेट्रो आणि देशभरातल्या साध्या ट्रेन सगळं त्यात येतं, आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या फास्ट गाड्या सोडून. पण ते कॅलेंडरच्या महिन्याप्रमाणे चालतं, १ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत, म्हणून ट्रिप शक्यतो एकाच महिन्यात बसवा, नाहीतर प्रत्येकी दोन टिकीटं घ्यावी लागतील. आणि ते सबस्क्रिप्शन असतं, त्याच महिन्याच्या १० तारखेच्या आत कॅन्सल करायला विसरू नका.

बॅगा भरताना फोनवर स्पष्ट सांगा, तूप, पेढे, खव्याचं काही नको, बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे. हापूस आणि कढीपत्तासुद्धा नाही, फळं आणि पानांना सर्टिफिकेट लागतं. आईला हे पटायला वेळ लागतो. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, चटण्या आणू देत. बीपी शुगरच्या गोळ्या पूर्ण दिवसांच्या आणि वर आठवडाभराच्या जास्त, प्रिस्क्रिप्शनसकट, हँडबॅगेत. विमान मध्ये बदलायचं असेल तर टिकीट काढतानाच व्हीलचेअर असिस्टन्स मागून ठेवा. त्याचे पैसे पडत नाहीत, आणि चालता येत असलं तरी मोठ्या एअरपोर्टवर गेट शोधायची धावपळ वाचते. बाबा आधी नको म्हणाले, नंतर त्यांनीच मावशीला सांगितलं की घेच.

राहायचं कुठे? हॉस्टेलमध्ये पाहुण्यांचे नियम असतात, हाउसमास्टरला, म्हणजे बिल्डिंगच्या केअरटेकरला, आधी विचारा. मी त्यांच्यासाठी किचन असलेली छोटी जागा घेतली, माझ्याच मेट्रोच्या यू-६ लाइनवर. किचन हवंच. फोडणी करताना खिडकी उघडी ठेवा, स्मोक डिटेक्टर लगेच ओरडतो. बाथरूममध्ये पाण्याचा मग ठेवा. रात्री दहानंतर आणि रविवारी पूर्ण दिवस शांतता पाळायची असते, मिक्सर त्याआधी लावून घ्या. रविवारी दुकानंही बंद, दूध भाज्या शनिवारीच.

आणि दरवाजा! इथले बरेच दरवाजे ओढले की आपोआप लॉक होतात, बाहेरून हँडल फिरत नाही. तिसऱ्याच दिवशी आई कचरा टाकायला खाली गेली, अंगावर गाऊन, पायात स्लिपर, चावी आत आणि बाबा अंघोळीला. अर्धा तास ती जिन्यात बसून होती, बेल वाजवत होती पण शॉवरच्या आवाजात त्यांना ऐकू येत नव्हतं. शेजारच्या आजींनी तिला आत बोलावून चहा दिला, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मला संध्याकाळी कळलं आणि फार वाईट वाटलं, कारण हे मी सांगायला हवं होतं. पहिल्याच दिवशी एक चावी आईच्या गळ्यात अडकवा, आणि दुसरी बाबांच्या खिशात.

आता खरं काम, मेट्रो शिकवणं. पहिले दोन दिवस दुसरं काही ठेवूच नका. मी एका कागदावर मराठीत लिहून दिलं होतं, शहरात जाताना गाडीवर शेवटच्या स्टेशनचं नाव ‘क्लिनिकुम ग्रोसहाडेर्न’, परत येताना ‘गार्शिंग फोर्शुंग्सत्सेंट्रुम’, उतरायचं ‘मारीएनप्लात्झ’. पहिल्या दिवशी मी पुढे, ते मागे. दुसऱ्या दिवशी आई पुढे आणि मी चार पावलं मागे, चुकलं तरी गप्प. ती एकदा उलट्या दिशेच्या गाडीत चढली, एक स्टेशन गेल्यावर तिचं तिलाच कळलं आणि ती उतरली. तिसऱ्या दिवशी दोघंच मारीएनप्लात्झला गेले, अकरा वाजता टाउनहॉलच्या घड्याळातल्या बाहुल्या नाचतात ते बघायला, बारालाही असतं. साधं कागदी टिकीट काढलं तर ते निळ्या मशीनमध्ये पंच करावं लागतं, नाहीतर ६० युरो दंड, हे नीट समजावून सांगा.

मग फिरणं. एका दिवसात एकच गोष्ट, मध्ये बसायला जागा आणि टॉयलेट कुठे आहे ते बघून. टॉयलेटला बहुतेक ठिकाणी पैसे पडतात, सुट्टी नाणी जवळ ठेवा. शाकाहारी असतील तर ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक’ हे शब्द पाठ करून घ्या, म्हणजे मांस नको, श्पेक नको, श्पेक म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, बटाट्याच्या डिशमध्येसुद्धा टाकतात.

नॉयश्वानस्टाइनचा किल्ला दाखवाच. ट्रेनने फ्युसेन साधारण दोन तास, पुढे बस. किल्ल्याचं टिकीट आधी ऑनलाइन काढा. वर चढायला अर्धा पाऊण तास लागतो, गुडघे दुखत असतील तर शटल बस घ्या, तिथून पुढे उतार आहे. आतही जिने आहेत आणि फोटो काढू देत नाहीत. राजा लुडविगने १८६९ मध्ये काम सुरू केलं आणि १८८६ मध्ये तो गेला तेव्हाही ते अर्धवटच होतं, हे ऐकून बाबा बराच वेळ त्या भिंतींकडे बघत उभे होते. ते नाशिकला परतल्यावर जुलैमध्ये युनेस्कोच्या एकाच बैठकीत हा किल्ला आणि आपले रायगड, शिवनेरी, साल्हेर वगैरे जागतिक वारसा यादीत आले, तेव्हा बाबांचा सकाळी सकाळी फोन, दोन्ही पाहिलेत म्हणून.

ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला जाणार असाल तर पासपोर्ट बरोबर घ्या, ट्रेनमध्ये चेकिंग होतं. त्सुगस्पिट्स या शिखरावर जूनमध्येही बर्फ बघायला मिळतं, पण उंची २,९६२ मीटर, बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आम्ही ते सोडलं आणि श्टार्नबर्गच्या तळ्याकाठी दिवसभर बसलो, आईने घरून धपाटे करून घेतले होते.

आपलं कॉलेजही दाखवा. माझं गार्शिंगला आहे, तिथे मॅथ्सच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरून खाली येणाऱ्या भल्यामोठ्या घसरगुंड्या आहेत, मेन्सात, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये, पाहुण्यांनाही जेवता येतं. मी रोज बसते त्या खुर्चीवर आई बसली आणि टेबलावरून हात फिरवला, काही बोलली नाही.

शेवटचा रविवार मोकळा ठेवा आणि त्यांना ठरवू द्या. आईने मला इंग्लिश गार्डन या मोठ्या बागेत नेलं. प्लॅटफॉर्मवर ती मला ओढत पुढच्या टोकाला घेऊन गेली, म्हणाली इथे उभी राहा, पहिल्या डब्यात बसलं की उतरल्यावर सरकता जिना समोरच येतो. दोन वर्षं मी त्याच लाइनने जात होते, मला हे माहीत नव्हतं.