क्वेर्सेटिनेजची ॲक्टिव्हिटी मोजताना

कांद्याच्या सुक्या सालीत भरपूर असणारं क्वेर्सेटिन काही बुरश्या फोडून खातात. त्यासाठी त्या क्वेर्सेटिनेज नावाचं एन्झाइम बाहेर सोडतात. ते ऑक्सिजनच्या रेणूतले दोन्ही अणू क्वेर्सेटिनमध्ये घालतं, मधलं कडं तोडतं आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतं. पिवळा रंग उतरतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ३६७ नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण किती घटलं, आपण तेवढंच मोजतो.

आधी स्टॉक, म्हणजे क्वेर्सेटिनचं दाट द्रावण. १८.१ मिलिग्रॅम क्वेर्सेटिन १० मिली डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं की ६ मिलिमोलर होतं. बाटलीवर डायहायड्रेट (रेणूसोबत पाण्याचे दोन रेणू असलेलं रूप) लिहिलं असेल तर २०.३ मिलिग्रॅम घ्या; ही चूक फार होते. स्टॉक रोज ताजा करा, अंधारात ठेवा.

क्युव्हेटमध्ये (रीडिंग घ्यायच्या पारदर्शक छोट्या नळीत) ९८० मायक्रोलिटर एमईएस बफर (५० मिलिमोलर, पीएच ६, २५ अंश) आणि १० मायक्रोलिटर स्टॉक घालून हलवा. रीडिंग साधारण १.२ यायला हवं. एक मिनिट बघा, रेघ सपाट राहिली तरच १० मायक्रोलिटर एन्झाइम घाला आणि पहिल्या मिनिटाचा उतार घ्या. मिनिटाला ०.१० घट आली, तर २० ने (१ मिलिमोलर क्वेर्सेटिनचं शोषण) भागून एक मिली द्रावणात ०.००५ मायक्रोमोल, म्हणजे एन्झाइमच्या दर मिलीला ०.५ युनिट (एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल).

एन्झाइमशिवायच रंग उतरतोय? बफरचा पीएच तपासा. अल्कलीत क्वेर्सेटिन आपोआप ऑक्सिडाइज होतं, म्हणून तर पीएच ६ धरायचा. ६०० नॅनोमीटरवर रीडिंग दिसलं तर क्वेर्सेटिन साक्याच्या रूपात बाहेर पडलंय. ते रीडिंग फेकून द्या. बफर डीगॅस करू नका, म्हणजे त्यात विरघळलेली हवा काढू नका; क्वेर्सेटिनसोबत एन्झाइमला लागणारा दुसरा पदार्थ, सबस्ट्रेट, ऑक्सिजनच आहे. रुटिन वापरून काहीच घडणार नाही, कारण त्यातल्या तिसऱ्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिलला साखर जोडलेली असते आणि एन्झाइमला तो मोकळा लागतो.

सगळ्यात फसवं प्रकरण लॅकेज या दुसऱ्या एन्झाइमचं. बुरशीच्या कल्चरच्या पाण्यात तेही असू शकतं आणि तेही क्वेर्सेटिनचा रंग बदलतं. त्यामुळे नुसत्या घटीवर क्वेर्सेटिनेज सापडलं म्हणू नका. त्याच नमुन्यात वेगळ्या नळीत एबीटीएस (लॅकेज ओळखायचं रसायन) घाला. निळसर हिरवा रंग चढला तर लॅकेजचा संशय धरा आणि एचपीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर) क्वेर्सेटिन फुटून झालेल्या डेप्साइडचा पीक दिसेपर्यंत आकडा वहीत पक्का करू नका. उकळून निकामी केलेल्या एन्झाइमचा ब्लँक (तुलनेची नळी) मात्र दोन्ही वेळा लावा.

काम झालं की क्युव्हेट इथेनॉलने धुवा. क्वेर्सेटिन भिंतीला चिकटतं आणि पुढचं रीडिंग चढं दाखवतं.