दोस्ताची दारू सुटून राहिली असेल तर संडेची मॅच कशी ठेवायची

आधीच सांगतो, मी डॉक्टर वगैरे काही नाही भाऊ, नागपूरच्या रेशीमबागला रविवारी टेनिस बॉलने क्रिकेट खेळणारा माणूस आहे. पण आमचा कीपर दारूत पार गेला होता, त्याला टीममध्ये धरून ठेवता ठेवता जे कळलं ते लिहून राहिलो.

सगळ्यात आधी शर्त बदला. आमची मॅच कित्येक वर्षं बियरवर व्हायची, हरणाऱ्यांनी पाजायची, मग कोणीतरी 'बसायचं का बे' म्हणणार आणि संध्याकाळ तिथंच. म्हणजे ज्याला सोड सोड म्हणून राहिलो त्यालाच दर आठवड्याला बोलावून पाजून राहिलो होतो, आणि हे डोक्यात यायला आम्हाला दोन सीझन लागले! आता शर्त तर्री-पोह्यांची. पोरं कुरकुरली, दोघं यायचेच बंद झाले. होऊ द्या.

टॉस सकाळी 6 ला. मे मध्ये नागपुरात पारा 45 च्या आसपास जातो, त्यामुळे एवढ्या लवकर काहून असं कोणी विचारतही नाही. खरं कारण शनिवारची रात्र. सकाळी कोणीतरी दारात येऊन उभा राहणार हे माहीत असलं की तो जरा लवकर झोपतो (नेहमी नाही). घ्यायला जाल तर खालून हॉर्न मारू नका, वर जा, चहा घ्या. वहिनींचा चेहराच सांगतो रात्र कशी गेली, त्याच्यासमोर त्यांना काही विचारू नका.

बोलायचं असेल तर गाडीवर. समोर बसवून 'तुझ्याशी जरा बोलायचंय' केलं की आमचा पठ्ठ्या मोबाईल काढायचा, पण ॲक्टिवावर मागे बसून, तोंड दिसत नाही म्हणून असेल, अजनी ते रेशीमबाग एवढ्या रस्त्यात त्याने घरातलं सगळं सांगितलं. मी फक्त हं हं केलं.

त्याला काम द्या, किट सांभाळायचं द्या, पण वर्गणीचा डबा देऊ नका. आणि एक जास्तीचा बॉल गुपचूप स्वतःच्या डिक्कीत ठेवा.

आता महत्त्वाचं. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या 2-3 दिवसांत हात थरथरणं, घाम, भास, फिट येणं हे होऊ शकतं, जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला 'चल पळ, घाम काढ' म्हणून उन्हात नेऊ नका, आधी डॉक्टर. मेडिकलला (नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज) मानसोपचार विभाग आहे, व्यसनमुक्तीची हेल्पलाइन 14446, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेली मानस 14416. फिट आली किंवा बरळायला लागला तर फोन करत बसायचं नाही, सरळ कॅज्युअल्टीत न्यायचं.

आणि तो घसरणार. आमचा एकदा वास घेऊनच आला, त्या दिवशी खेळवलं नाही, एकाने घरी सोडलं, ग्रुपमधून मात्र काढलं नाही. रात्री मेसेज टाकला, 'पुढच्या रविवारी 6 ला, ग्लोव्ह्ज तुझ्याकडेच आहेत'. पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्या आला.

खर्रा (सुपारी-तंबाखूचा) मात्र आमच्याच्यानं अजून बंद झाला नाही, अंपायरच घोटून राहतो.