सोसायटीच्या पाण्याच्या लाइनसाठी अनुदान मागताना या चुका टाळा

गुजरात सरकारच्या स्वर्णिम जयंती मुख्यमंत्री शहेरी विकास योजनेच्या जनभागीदारी घटकातून खासगी सोसायट्यांना आतले रस्ते, गटार आणि पाण्याची लाइन यांसाठी मदत मिळते. तिचे प्रमाण ७०:२०:१० आहे. म्हणजे खर्चाचे ७० टक्के राज्य सरकार देते, २० टक्के सभासदांचा लोकफाळा असतो आणि १० टक्के स्थानिक संस्थेच्या वाट्याला येतात. वडोदऱ्यातल्या आमच्या सोसायटीचा सचिव म्हणून ही फाइल मी दोनदा केली. पहिल्यांदा ती परत आली, आणि दोष आमचाच होता.

आम्ही सुरुवातच उलटी केली होती. पेव्हर ब्लॉक दिसतात आणि जमिनीखालची लाइन दिसत नाही, त्यामुळे सभेत टाळ्या ब्लॉकलाच पडतात. पण ब्लॉक बसवून झाल्यावर लाइन बदलायची वेळ आली, तर तेच ब्लॉक उखडावे लागतात आणि ते पुन्हा पहिल्यासारखे बसत नाहीत. म्हणून गटार आणि पाणी आधी, फरशी शेवटी.

त्याहून मोठी चूक निदानाची. पाणी कमी येते म्हणजे पाइप खराब, असे गृहीत धरून अर्ज करू नये. आजवा सरोवराचे पाणी असो वा महीकाठच्या फ्रेंच विहिरींचे (नदीच्या वाळूतून झिरपणारे पाणी गोळा करणाऱ्या विहिरी), ते ठरलेल्या वेळीच सुटते. तेव्हा त्या वेळेत सोसायटीच्या जोडणीपासून सर्वांत जवळच्या आणि सर्वांत लांबच्या घरी २० लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून आठवडाभर लिहून ठेवावे. दोन्हीकडे धार सारखीच बारीक असेल, तर अडचण बहुधा बाहेरच्या लाइनीत किंवा जोडणीच्या फेरूलमध्ये (मुख्य लाइनीतून जोडणी घेताना बसवतात त्या छोट्या तोटीत) असते आणि सोसायटीतला पाइप बदलून काहीही साधत नाही. फक्त टोकाच्या घरांचेच हाल असतील, तर आधी लाइनीला थेट लावलेल्या मोटारी सर्वांनी एक दिवस बंद ठेवून पाहाव्यात. (या एका विनंतीवरून आमच्याकडे दोन शेजाऱ्यांचे बोलणे बंद झाले, ते अजून सुरू झालेले नाही.) या मोटारींमुळे रिकाम्या लाइनीत ओढ निर्माण होते आणि फुटक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत शिरते, पाण्याला वास येत असल्यास संशय प्रथम तिथे घ्यावा.

पैशांच्या बाबतीत, ओळखीच्या ठेकेदाराच्या आकड्यावर वर्गणी गोळा करू नये. समजा, त्याने ९ लाख सांगितले. ६० घरांत २० टक्के वाटले, तर प्रत्येकी ३,००० रुपये होतात. खात्याचे एस्टिमेट ११ लाख ४० हजारांचे निघाले, की तोच वाटा ३,८०० होतो, आणि ते ८०० रुपये मागायला पुन्हा दारोदार फिरावे लागते. मंजुरीपूर्वी स्वतःच खोदकाम सुरू करून नंतर भरपाई मागणे तर सर्वस्वी टाळावे. ठरावातले सोसायटीचे नाव नोंदणीच्या दाखल्यावरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. आमची फाइल परत आली ती एवढ्याच कारणाने: दाखल्यावर ‘विभाग २’ होते, ठरावात ते राहून गेले होते.

मंजुरी मिळाल्यावर आराखडा स्वतः पाहावा. पाण्याची लाइन गटारापासून आडवी किमान ३ मीटर दूर असावी आणि जिथे ती गटार ओलांडते, तिथे गटाराच्या माथ्यापासून निदान अर्धा मीटर वर असावी, असा केंद्रीय नियमपुस्तिकेचा दंडक आहे. अरुंद गल्लीत ३ मीटर मिळत नाहीत; अशा ठिकाणी लाइन वरच्या पातळीवर घेण्याचा आग्रह तरी धरावा. चर बुजवण्यापूर्वी दाबाची चाचणी समोर करून घ्यावी, कारण माती पडल्यावर गळका सांधा शोधणे म्हणजे पुन्हा खोदणे.

शेवटी, व्हॉल्व्हच्या जागा भिंतींपासून फुटांत मोजून नकाशावर लिहाव्यात आणि त्याची एक प्रत सोसायटीच्या दप्तरात ठेवावी. आमच्या जुन्या लाइनीचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे गाडला आहे, हे फक्त वॉचमनला ठाऊक होते, आणि लाइन फुटली त्या दिवशी तो गावी गेलेला होता.