व्हल्सार्टनमधील एनडीएमए मोजताना

जुलै २०१८ मध्ये अनेक देशांत व्हल्सार्टन ही रक्तदाबाची गोळी बाजारातून परत मागवावी लागली, कारण तिच्या मूळ औषधद्रव्यात एनडीएमए हे नायट्रोसअमाइन, म्हणजे कर्करोगकारक मानल्या जाणाऱ्या गटातले संयुग, सापडले. या औषधाच्या रेणूतले टेट्राझोल हे नायट्रोजनयुक्त वलय घडवताना उरलेले अझाइड हे अभिकर्मक नष्ट करण्यासाठी सोडियम नायट्राइट आणि आम्ल वापरले जाते, आणि डीएमएफ या द्रावकाच्या विघटनातून आलेले डायमिथाइलअमाइन त्याच भांड्यात असेल, तर एनडीएमए तयार होते. अर्थात, अशा नमुन्यात एनडीएमएसोबत डीएमएफही असू शकते, आणि तपासनीसाची निम्मी डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

आधी मर्यादा काढावी. एनडीएमएचे दिवसाला ९६ नॅनोग्रॅम चालतात. व्हल्सार्टनची रोजची कमाल मात्रा ३२० मिलिग्रॅम, म्हणून मर्यादा ०.३ पीपीएम (दशलक्षात ०.३ भाग). लोसार्टन या रक्तदाबाच्याच औषधाची मात्रा १०० मिलिग्रॅम धरली, तर हीच मर्यादा ०.९६ पीपीएम होते.

मूळ द्रव्याचे ५०० मिलिग्रॅम तोलून हेडस्पेस व्हायलमध्ये (जी तापवून द्रावणावरची वाफ तपासतात अशा कुपीत) घ्यावे, ५ मिलिलिटर डीएमएसओ हा द्रावक घालून लगेच झाकण दाबावे. या द्रावणात मर्यादेइतके एनडीएमए म्हणजे मिलिलिटरला अवघे ३० नॅनोग्रॅम. ते प्रकाशाने विघटित होते, त्यामुळे प्रमाण द्रावणे तपकिरी काचेतच ठेवावीत. इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी नमुन्यातच मिसळायचे ज्ञात प्रमाण, म्हणून ड्यूटेरियमयुक्त (जड हायड्रोजन असलेले) एनडीएमए-डी६ घालावे, आणि प्रत्येक फेरीत कोरा डीएमएसओ व ज्ञात प्रमाणात एनडीएमए मिसळलेला नमुना, दोन्ही चालवावेत.

जीसी-एमएसवर (वायुरूपात घटक वेगळे करून त्यांचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) एनडीएमएचा आयन ७४ या वस्तुमानावर आणि डी६ चा ८० वर दिसतो. डीएमएफचा आयन ७३ चा असला, तरी कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ या जड समस्थानिकांमुळे त्याचे तीन-चार टक्के ७४ वरही उमटतात; म्हणून ७४ चे पीक पाहताना ७३ चा आलेखही शेजारी उघडून ठेवावा आणि दोन्ही पिके एकाच वेळी येत असतील तर आकडा लिहिण्याआधी कॉलमचे तापमान बदलून ती वेगळी करावीत. एलसीवरील (द्रवरूपात घटक वेगळे करणाऱ्या पद्धतीवरील) उच्च विभेदन यंत्र, म्हणजे वस्तुमानातला सूक्ष्म फरक ओळखणारे यंत्रही इथे फसू शकते: एनडीएमए ७५.०५५३ वर आणि नायट्रोजन-१५ असलेले डीएमएफ ७५.०५७१ वर येते, म्हणजे फरक जेमतेम २४ पीपीएम. वस्तुमानाची खिडकी सैल ठेवली, तर डीएमएफच एनडीएमए म्हणून मोजले जाते. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाच्या तपासणीत हे प्रत्यक्ष घडले आहे.

दुसरा धोका उष्णतेचा. २०१९ मध्ये रॅनिटिडीन या आम्लपित्ताच्या औषधाच्या बाबतीत १३० अंशांवर तापवलेल्या व्हायलमध्येच एनडीएमए तयार होत असल्याचे अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने दाखवले. व्हल्सार्टनच्या नमुन्यात नायट्राइट आणि अमाइन उरले असण्याची शंका असेल, तर तोच नमुना एकदा कमी तापमानावर आणि एकदा दुप्पट वेळ तापवूनही चालवावा. द्रावण आणि वरची वाफ यांच्यात समतोल साधल्यानंतरही आकडा चढतच राहिला, तर तो गोळीतला नसून व्हायलमधला आहे असे समजावे आणि नमुना न तापवता एलसी-एमएसवर घ्यावा.