घर सुटायची वेळ आली तर आधी काय वाचवाल

घर सुटणार हे कळलं की माणूस सामान बांधायला घेतो. मीही दोन दिवस भांडी कागदात गुंडाळत बसलो. त्यातलं एकही पुढे उपयोगी पडलं नाही. नंतरचे सात महिने उघड्यावर काढले, त्यावरून सांगतो: आधी कागद बांधा.

ओळखपत्र, जन्मदाखला, बँकेचं पुस्तक, औषधांच्या चिठ्ठ्या. सगळ्यांचे फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा आणि पासवर्ड तोंडपाठ ठेवा, कारण चोरीला सगळ्यात आधी फोन जातो. मूळ कागद विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. टपाल त्याच्या पत्त्यावर येऊ दे, हेही हक्काचं दार आहे तोवरच विचारून घ्या. पत्ता नाही म्हणून ओळखपत्र मिळत नाही, ओळखपत्र नाही म्हणून कुणी कामावर घेत नाही आणि काम नाही म्हणून खोली मिळत नाही. या चक्रात माझे चार महिने गेले.

घर एका रात्रीत जात नसतं. माझी नोकरी गेली, मग पाठ धरली, मग शिलकीतून भाडं भरत राहिलो. शिल्लक संपल्यावर घरमालकाचा फोन उचलणं बंद केलं. ही माझी सगळ्यात मोठी चूक. भाडं थकण्याआधी जाऊन बोला, मुदत मागा, जे ठरेल ते लिहून घ्या.

नातेवाइकांकडे गेलात तर निघायची तारीख पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगा. मी नाही सांगितली. बहीण काही बोलली नाही, पण अठराव्या दिवशी मेहुणे माझं अंथरूण मी उठायच्या आत गुंडाळायला उभे होते. (अशा दुसऱ्याच्या दिवाणखान्यात झोपणाऱ्यांना बेघरांच्या मोजणीत बहुतेक वेळा कुणी धरतच नाही.)

बाहेर पडल्यावर भुकेपेक्षा झोप छळते. दोन तास झाले की कुणीतरी उठवतं: पोलीस, कुत्रं, पाऊस. म्हणून झोप तुकड्यांत घ्या, निम्मी दिवसा. वर पांघरूण कमी असलं तरी चालेल, खाली पुठ्ठा जाड हवा. अंगातली ऊब जमीन ओढून घेते. पिशवीचा पट्टा पायात अडकवा, बूट उशाला घ्या. एका बाईंनी मला सांगितलं होतं, त्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाबाहेर पेशंटच्या नातेवाईक म्हणून बसत. तिथे रात्रभर कुणीतरी जागं असतं. एकट्या बाईसाठी आडोशापेक्षा ते बरं.

पाय कोरडे ठेवा. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांचे पाय सडले, त्याला बर्फच लागतो असं नाही, दिवसेंदिवसची ओल पुरते. मोज्यांचे दोन जोड ठेवा. एक पायात, दुसरा शर्टाच्या आत, अंगाच्या उबेवर वाळत.

निवाऱ्यात जाण्याआधी तीन गोष्टी विचारा: दार किती वाजता बंद होतं, सामान आत नेता येतं का, नवरा-बायकोला वेगळं ठेवतात का. काही ठिकाणी चौथी अट असते, आधी दारू सोड. माझ्या शेजारचा गडी रस्त्यावर आल्यावर प्यायला लागला होता, झोप यावी म्हणून. त्याला तिथून परत पाठवलं. मला ही अट उलटी वाटते. 1992 साली न्यूयॉर्कमध्ये एका संस्थेने अशांना आधी घर द्यायला सुरुवात केली, व्यसनाची अट न घालता. फिनलंडने 2008 पासून हेच देशाचं धोरण केलं आणि तिथे बेघरांची संख्या बरीच घटली. मला नवल वाटलं नाही. नोकरीचा धड अर्ज मी लिहिला तो खोली मिळाल्यावर, सलग आठवडाभर झोपून उठल्यानंतर.

आणि खोली मिळाली की पहिले काही दिवस पलंगावर झोप लागणार नाही. मी दाराला पाठ लावून जमिनीवर झोपायचो, बूट उशाला. झोपा तसेच. बूट आपोआप दाराशी जातात, मला तीन आठवडे लागले.